पावणेआप्पांचा पेला

पावणेआप्पांनी पेला उचलला की स्वयंपाकघरात दाराआड उभ्या असलेल्या बायकांचा जीव भांड्यात पडायचा. आप्पा सोयरिकी जमवायचे. निपाणीपासून खानापूरपर्यंत कुणाच्या घरी लग्नाचा मुलगा आहे, कुणाची मुलगी कुठे शिकते, कुणाचं कुणाशी बांधावरून बिनसलंय, हे सगळं त्यांच्या डोक्यात. आमच्याकडच्या जुन्या माणसांनी या कामात एक शहाणी रीत घालून ठेवली होती. मध्यस्थ घरी आला की त्याच्यापुढे काहीतरी गोड प्यायला ठेवायचं. त्यानं ते घेतलं तर बोलणी पुढे सरकली. पेला तसाच ठेवून तो उठला, तर समजायचं, योग नाही. तोंडावर नकार देणं नाही, घेणं नाही, आणि उद्या बाजारात भेटलं तर मान फिरवणं नाही. "माणसाला न्हाय म्हणू नये," आप्पा म्हणायचे. "पेल्याला म्हणावं. त्येला राग येत न्हाय."

आप्पा आमचे तसे कुणीच नव्हते. पण माझ्या आईवडिलांचं लग्न त्यांनी जमवलं, माझं जमवलं, आणि अशा माणसाला नातं लावत बसायची गरज नसते. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी आणि पायात करकरणाऱ्या कापशी वहाणा. तरुणपणी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होते. तिथे बसल्या बसल्या दोघांची लग्नं जुळवून दिली, आणि मग तोच धंदा झाला. धंदा म्हणायचा तो आपला म्हणायला, कारण टॉवेल-टोपीच्या मानापलीकडे त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही. सदानकदा कुणाच्या तरी घरी पाहुणे, म्हणून पावणेआप्पा. स्वतःच्या घरी ते कितीसे असायचे ते त्यांची मुलगी शालन सांगायची, आणि सांगताना ती जे शब्द वापरायची ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

पेला सोडून उठल्याचे प्रसंग त्यांच्या आयुष्यात फार थोडे. त्यातला एक मी पाहिला. माझ्या मावसबहिणीसाठी आम्ही एक घर बघायला गेलो होतो. दुमजली घर, दारात ट्रॅक्टर, मुलगा इंजिनियर, सगळं कसं चित्रातल्यासारखं. सरबत आलं. मुलाच्या वडिलांना त्यात लिंबू जास्त वाटलं आणि ते सगळ्यांसमोर बायकोला म्हणाले, "अक्कल कुठं गहाण ठेवलीस?" ती बाई हसल्यासारखं करून आत गेली. आप्पांनी पेल्याला हात लावला नाही. पावसापाण्याच्या गप्पा मारल्या, टोपी नीट केली आणि उठले. बाहेर आल्यावर मावशी कुरकुरली, एवढं चांगलं स्थळ. आप्पा म्हणाले, "पोरगा बघू नका गं. पोराचा बा घरात कसा बोलतोय बघा. पोरगा ईस वर्सांनी तसाच बोलणार हाय."

दोन राज्यांच्या मधोमध राहणाऱ्या माणसाला जेवढ्या भाषा याव्यात तेवढ्या त्यांना येत. कानडी घरात ते कानडीत हसायचे, मराठी घरात मराठीत, आणि गडहिंग्लजकडचा मुलगा आणि हुक्केरीकडची मुलगी एकत्र आणताना दोन्हीकडच्या व्याह्यांना एकमेकांचं बोलणं अर्धंच कळेल याची काळजी घ्यायचे. "पुरं कळलं की भांडणं लागत्यात," असं त्यांचं मत. सीमाप्रश्नाचा विषय निघाला की ते हात झटकायचे. "राज्यं भांडूंदेत. सोयऱ्यांनी भांडू नये."

अशा माणसाला शुगर निघाली. निपाणीत कुठल्याशा शिबिरात रक्त तपासलं आणि कळलं. आप्पांनी हे दुखणं मनावर घेतलं नाही, व्रतासारखं घेतलं. काशीला जाऊन माणसं आवडती भाजी सोडतात, तशी त्यांनी साखर सोडली. ज्या माणसाला बेळगावचा कुंदा दिसला की बोलता बोलता थांबायला व्हायचं, तो माणूस कुंद्याच्या दुकानावरून मान वळवून जाऊ लागला. चहा बंद, पेढा बंद, लग्नातली जिलेबी बंद. आणि हे ते जिथे जातील तिथे छाती काढून सांगायचे. "मी साखर सोडलो. एक कण न्हाय."

पण मग पेल्याचं काय? आप्पांनी काही घेतलंच नाही तर बोलणी मोडली असं होणार. घराघरांतल्या बायका विचारात पडल्या आणि घराघरांत एकच तोड निघाली. फळाचा रस. आंब्याच्या चित्राची बाटली, सफरचंदाच्या रसाचं खोकं. "आप्पा, ह्यो फळाचा हाय, साखरंचा न्हाय," असं म्हणून बायका पेला पुढे करायच्या, आणि आप्पा आनंदानं घ्यायचे. "देवानं झाडावर पिकवलंय. कारखान्यात जे करत्यात त्ये वाईट." बातमी त्यांच्याआधी गावोगाव पोचली. आप्पांना चहा नाही, ज्यूस. उन्हाळ्यात उसाचा रस, कारण ऊस म्हणजे शेवटी गवतच. ज्या घरात फ्रिज नाही तिथे गुळाचा चहा, कारण गूळ म्हणजे औषध, आणि गुळाच्या मुलखात याविरुद्ध बोलायची कुणाची टाप आहे? बेकरीतून शुगरवाल्यांची म्हणून जी बिस्किटं मिळतात ती बशीभर. माझ्या माहेरी, बेळगावजवळच्या कंग्राळीला, आईनं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आंब्याच्या रसाचा एक मोठा डबा खास आप्पांसाठी ठेवलेला असायचा आणि माझा भाऊ विनू त्याकडे बघायला लागला तरी ती डोळे वटारायची.

इतकी माया फार थोड्यांच्या वाट्याला येते. आणि या मायेखाली आप्पा वाळत चालले. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. तहान तर एवढी, की आमच्याकडे आले की वहाणा काढायच्या आधी पाणी मागायचे. आई म्हणायची, उन्हातून आलेत, नुसतं पाणी काय देऊ, आणि पेला भरायची. मग नव्या वहाणेनं उजव्या पायाचा अंगठा चावला. आप्पांना ते कळलंही नाही. पाय धुताना शालनला रक्त दिसलं तेव्हा जखम चांगलीच खोल गेली होती.

निपाणीतल्या डॉक्टरांनी बेळगावला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. शालन त्यांना घेऊन आमच्या घरी उतरली आणि मी शाळेतून रजा काढून बरोबर गेले. डॉक्टरांनी जखम बघितली, रक्ताचा आकडा बघितला आणि गोळ्या वाढवून दिल्या. म्हणाले, "साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल. तिथं थांबलं तर नशीब. नाहीतर पुढं पाय." शालन म्हणाली, "डॉक्टर, घरात मी साखर आणतच न्हाय हो." डॉक्टरांनी चष्म्यावरून आप्पांकडे पाहिलं. "मग आप्पा, तुम्ही बाहेर चोरून खाताय. आकडा खोटं बोलत नाही."

आप्पा रिक्षात बसल्यावर पायाच्या पट्टीकडे बघत म्हणाले, "सुमे, मी उभ्या जल्मात कुणाच्या पोरीचं वय कमी करून सांगितलो न्हाय. कुणाच्या पोराचा पगार वाढवून सांगितलो न्हाय. आनि आता मला चोर म्हणत्यात." पायापेक्षा त्यांना हे जास्त लागलं होतं. सोयरीक जमवणाऱ्याजवळ शब्दाशिवाय दुसरं असतंच काय? शालननं बापाला काही विचारलं नाही, पण तिचाही विश्वास डळमळला होता हे मला दिसत होतं. खरं सांगायचं तर माझाही.

त्याच दिवसांत विनूसाठी पिरनवाडीचं एक स्थळ आप्पांनी आणलेलं होतं. मुलगी अश्विनी, बेळगावातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. बघायचा कार्यक्रम पुढे ढकलू या, तुमचा पाय असा, असं आम्ही म्हणालो, पण आप्पा ऐकेनात. "माझा पाय ऱ्हाईल न्हायतर जाईल. पोराचं लगीन कशाला अडवून ठेवायचं?" शेवटी पायाला मोठी पट्टी, एका पायात वहाण आणि दुसऱ्या पायात शालनची रबरी चप्पल, असे आमचे मध्यस्थ रिक्षातून पिरनवाडीला पोचले.

घर नवं, रंगाचा वास अजून गेला नव्हता. पोहे झाले. अश्विनी ट्रे घेऊन आली. सगळ्यांना चहा आणि एका कडेला उंच काचेचा पेला, त्यात आंब्याचा रस, वर बर्फ. तो कुणाचा हे सांगायला नको होतं. तिनं आईला चहा दिला, मला दिला, विनूला दिला. विनूनं कप घेताना बशीत अर्धा सांडला, ते असो. मग ती आप्पांपुढे वाकली. वाकताना तिला पायाची पट्टी दिसली. आप्पांनी हात पुढे केला आणि त्या मुलीनं पेला मागे घेतला.

मध्यस्थासमोर आणलेला पेला मुलीनंच परत घेतला, याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. माझ्या आईचा चेहरा उतरला. तिचे वडील खुर्चीतून अर्धे उठले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अश्विनी, दे की त्येंना."

"न्हाय देणार, बाबा," ती म्हणाली. "आप्पा, तुमाला शुगर हाय न्हवं? ह्ये तुमाला कुणी चालतंय म्हणून सांगितलं?"

"आगं, त्यो फळाचा हाय," तिचे वडील म्हणाले. "खास त्येंच्यासाठीच आणलाय."

"फळाचं चित्र हाय, बाबा. आत चहापेक्षा जास्त साखर हाय. बाटलीवरच छापलंय." ती आत जाऊन बाटली घेऊन आली आणि मला वाचायला दिली. बारीक अक्षरांत होतं, पण होतं. पाणी, आंब्याचा गर, साखर. मी मोठ्यानं वाचलं.

आप्पांचा हात अजून पुढेच होता. तो त्यांनी सावकाश मांडीवर घेतला. म्हणाले, "आनि सफरचंदाचा?"

"तो साखर न घातलेला असला तरी फळातली साखर सगळी त्यात उतरलेली असते, आप्पा. चोथा गेलेला, नुसतं गोड पाणी. फळ चावून खावा, थोडं खावा. पिऊ नका."

"उसाचा रस?"

"त्याचीच तर साखर करत्यात."

"गुळाचा चा?"

"गूळबी साखरच हो, आप्पा."

"बेकरीतली बिस्किटं? शुगरवाल्यांची?"

"मैदाच की. त्याची रक्तात साखरच हुते."

माझी आई पदराशी चाळा करत होती. फ्रिजमधला डबा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असणार. मला वाटलं आप्पा आता खचतील. पण ते हळूच म्हणाले, "म्हंजे पोरी, मी चोरून खात नव्हतो."

"न्हाय, आप्पा. तुमाला उघड उघड पाजत हुते सगळे."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी टोपी काढली, त्या टोपीनंच डोळे पुसले आणि पुन्हा घातली. "शालनला सांगा," ते मला म्हणाले. "आजच सांगा. तिचा बा चोर न्हाय." एवढ्या वर्षांत त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि मलाच सुटल्यासारखं झालं, इतकं की मी पाहुण्यांच्या घरी आहे हेही क्षणभर विसरले. अंगठ्याचं काय व्हायचं ते होईल, पण निदान शत्रू कोण ते कळलं होतं.

पण कार्यक्रम अजून लटकलेलाच होता. पेला आत गेला होता, आणि अश्विनीची आई दारात उभी राहून आता काय करायचं असं सगळ्यांकडे बघत होती. आप्पांच्या ते ध्यानात आलं. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू," ते म्हणाले. "वैनी, घरात ताक असलं तर द्या मला. मीठ घालून." ताक होतं. स्टीलच्या पेल्यातून आलं. शुभकार्याच्या बोलण्याला कुणी ताक दिलेलं तिथे बसलेल्यांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. आप्पांनी ते एका दमात संपवलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "गोड खाल्लेलं माणूस इसरून जातंय. मीठ खाल्लेलं इसरायची सोय न्हाय. ठरलं म्हणा." विनूला अजून कुणी विचारलंही नव्हतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

त्यानंतरचे दोन-तीन महिने आम्ही सगळे आप्पांच्या पायाकडे बघून जगलो असं म्हटलं तरी चालेल. गोळ्या चालू होत्याच, मग डॉक्टरांनी इन्शुलीनही चालू केलं. एक दिवसाआड पट्टी बदलायची, म्हणून आप्पांना कंग्राळीला आईकडेच ठेवून घेतलं आणि शालन निपाणीला परतली. अश्विनी अजून सून झालेली नव्हती, पण लॅब सुटली की कंग्राळीला येऊन आप्पांच्या बोटाला सुई टोचायची, आणि विनू त्या वेळी नेमका घरी असायचा. आकडा उतरायला लागला. एकदम नाही, दोन पायऱ्या उतरायचा, एक चढायचा. जखम मात्र बरेच दिवस होती तशीच होती. शालन रोज फोन करायची आणि तब्येत न विचारता थेट विचारायची, "रंग कसा हाय?" अंगठ्याच्या रंगाबद्दल एवढं कुणी बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

मग एके दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली, अंगठा दाबून पाहिला, पुन्हा पाहिला. आणि म्हणाले, "राहू दे हा अंगठा. कापायची गरज नाही." शालन मटकन खाली बसली, दवाखान्याच्या फरशीवरच. मी तिला उठवायचं सोडून तिच्या शेजारी बसले. डॉक्टर मोठ्या मनाचे निघाले. म्हणाले, "आप्पा, मी तुम्हाला चोर म्हटलं होतं." आप्पा म्हणाले, "तुमी कुठं, डॉक्टर. आकडा म्हणाला. त्येला काय ठावं, लोक किती मायेनं पाजत्यात."

बरे झाल्यावर आप्पांना नवाच उत्साह चढला. सोयरिकीच्या बोलण्याआधी ते आता शुगरचं बोलायचे. "घरात कुणाला शुगर हाय? काय पाजतासा त्येला?" असं विचारून थेट फ्रिज उघडायला सांगायचे. एका म्हातारीनं त्यांना ऐकवलंही, "आमच्यात सोयरीक बोलाय येऊन ताक पितोय, आमी काय भिकारी हाय काय?" आप्पा चिडले नाहीत. तिच्याकडून भाजलेल्या शेंगा मागून घेतल्या आणि तिच्या नवऱ्याला तपासायला बेळगावला घेऊन आले. म्हाताऱ्याला खरंच शुगर निघाली. पुढे कित्येक घरांत पाहुणा आला की "गोड घेणार की ताक?" असं आधी विचारायची पद्धत पडली. ती कुणी पाडली हे लोकांना आता आठवत नाही, आणि आप्पांना त्याचं काही वाटलंही नसतं. विनूच्या लग्नात तर ज्यूसच्या टेबलाजवळ खुर्ची टाकून ते बसले होते. केटररनं शेवटी माझ्याकडे तक्रार केली की हे आजोबा गिऱ्हाईकच येऊ देत नाहीत.

आप्पा गेल्या वर्षी गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. वय झालं होतं, आणि असं मरण मागून मिळत नाही, असं सगळे म्हणत होते. आम्ही निपाणीला पोचलो तेव्हा अंगण भरून गेलं होतं. निम्म्याहून जास्त माणसं अशी, की ज्यांचं लग्न आप्पांनी जमवलं होतं. आंघोळ घातली होती, पांढरं वस्त्र पांघरलं होतं आणि नमस्कारासाठी पाय तेवढे उघडे ठेवले होते. अश्विनी माझ्या पुढे होती. ती वाकली, पण डोकं टेकवायच्या आधी तिनं तो उजवा अंगठा दोन बोटांत धरला, लॅबमध्ये धरते तसा, आणि फिरवून नीट बघितला. जखमेची जागा सुद्धा सापडत नव्हती. शेजारी बसलेल्या शालननं ते पाहिलं. रडून तिचा आवाज बसला होता. ती म्हणाली, "बघ गं बाई नीट. आख्खा पाठवायलोय त्येंना."